घोट्यावरचा हात

"गिरिजा, श्वास घे! अगं, श्वास घे!"

डोळे उघडले तेव्हा आमचे हे माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवत होते. खिडकीबाहेर फटफटलं होतं. शेजारच्या नळावर बादल्यांचे आवाज सुरू झाले होते. मी तोंड उघडून हवा ओढली आणि घशातून असा काही आवाज निघाला की तो माझाच आहे हे मला पटेना.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"घड्याळ नाही बघितलं. पण ओठ काळे पडले होते तुझे." ते पलंगाच्या कडेला बसले आणि लेंगा वर करून नडगी बघू लागले. कातडं सोललं होतं. त्याच्याखाली आधीचे दोन डाग हिरवे-पिवळे होत आले होते.

"मी मारलं?"

"मग काय मांजरानं? दोन लाथा मारल्यास. पहिली हुकली, दुसरी बरोबर बसली." ते हसले. मलाही हसवायचा त्यांचा प्रयत्न होता. पण 'दोन लाथा' ऐकून मी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं, आणि ते का हे त्यांना सांगितलं नाही.

याला एकवीस वर्षं झाली. महिना फेब्रुवारीचा होता. होडी उलटली ती त्याच्या आधीच्या सप्टेंबरात.

धरणाच्या पाण्यापलीकडे एका लहानशा गावात दोनशिक्षकी शाळा होती. तिथं मी आणि हेमलता सपकाळ अशा दोघी होतो. सकाळी लाँचनं पलीकडे जायचं, संध्याकाळी परत यायचं. हेमलता माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. नोकरीचं दुसरंच वर्ष, लग्न व्हायचं होतं. मला ताई म्हणायची, आणि आईनं डब्यात दिलेली कारल्याची भाजी गुपचूप माझ्या झाकणात सरकवायची. त्या दिवशी लाँच बंद पडली होती, म्हणून ओळखीच्या एका नावाड्यानं आम्हांला आपल्या फळ्यांच्या होडीत घेतलं. अर्ध्या पाण्यात आलो आणि खोऱ्यातून वारा सुटला. होडी एका अंगाला कलली ती पुन्हा सरळ झालीच नाही. नावाडी पोहून काठाला लागला. माझ्या हाताला रॉकेलचा रिकामा कॅन लागला. त्याला मिठी मारून मी तरंगत राहिले आणि लोकांनी मला बाहेर काढलं. हेमलता दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली.

"पाण्यात आमची ताटातूट झाली. पुढचं मला काही आठवत नाही." पंचनाम्यात मी हेच सांगितलं, घरी हेच आणि शाळेतही हेच. लोक म्हणाले, बाई थोडक्यात वाचल्या. माझी बदली अलीकडच्या काठावरच्या शाळेत झाली.

आणि मग स्वप्न सुरू झालं. आठवड्यातून तीन-चार वेळा, नेहमी पहाटे. चहूकडे हिरवं पाणी. अंगावरची साडी ओल्या गोधडीसारखी जड. वर, फार वर, उजेडाचा एक पातळ तुकडा. मी हात मारत वर निघते, आणि खालून एक हात माझा उजवा घोटा धरतो. ओढत नाही. नुसता धरतो. मी खाली कधी बघितलं नव्हतं. जिवाच्या आकांतानं पाय झाडायची, आणि ह्यांच्या आवाजानं जाग यायची.

स्वप्नाइतकीच मला आणखी एका गोष्टीची धास्ती होती. महिन्यातून एका रविवारी हेमलताची आई यायची. तिचं गाव एसटीनं तासाभरावर. हेमलता ही तिची एकुलती एक. काकू पिशवीतून वालाच्या शेंगा नाहीतर चार लिंबं काढून ठेवायच्या, भिंतीला टेकून बसायच्या, पाणी प्यायच्या आणि विचारायच्या, "तिनं काय म्हटलं का गं शेवटी?"

"मला काही आठवत नाही, काकू."

"व्हय. तू तरी काय करशील." असं म्हणून त्या पदरानं तोंड पुसायच्या. पुढच्या महिन्यात पुन्हा यायच्या आणि पुन्हा तेच विचारायच्या, जणू मधल्या दिवसांत मला काही आठवलं असेल.

त्या सकाळी ह्यांनी दुकान उघडलंच नाही. ह्यांचं शेगड्या आणि कुकर दुरुस्तीचं दुकान, दिवाळी सोडली तर कधी बंद नसायचं. मला घेऊन ते कराडला मनाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉ. सबनीस म्हणजे साठीच्या बाई, केस बारीक कापलेले, टेबलावर फायलींपेक्षा थर्मास मोठा. त्यांनी ह्यांना बाहेर बसवलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

"स्वप्नात असताना कधी कळतं का, की हे स्वप्न आहे?"

"तेव्हा कसं कळणार?"

"कळू शकतं. सवय लावावी लागते." त्यांनी स्वतःचं नाक चिमटीत धरलं. "दिवसातून पंधरा-वीस वेळा असं धरायचं, तोंड मिटायचं आणि श्वास घेऊन बघायचा. आणि मनाशी विचारायचं, मी आत्ता जागी आहे का? खरंच विचारायचं, पाढे म्हटल्यासारखं नाही. जागेपणी श्वास येणार नाही. स्वप्नात येतो."

"येतो? तो कसा?"

"तुमचं खरं नाक तर उशीवर मोकळंच असतं ना. स्वप्नातल्या चिमटीनं ते थोडंच बंद होणार?"

मला वाटलं, बाई चेष्टा करताहेत. पण त्या गंभीर होत्या. पहाटे पाचला उठा, अर्धा तास जाग्या राहा, आणि परत आडवं होताना एकच वाक्य मनात घोळवा, पाणी दिसलं की नाक धरीन. असं त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं.

"आणि स्वप्न आहे हे कळल्यावर काय करायचं?"

"पळायचं नाही. खाली बघायचं."

मी थर्मासकडे बघत राहिले.

"तिथं काय असेल याची भीती वाटते," त्या म्हणाल्या, "की काय आहे ते ठाऊक आहे म्हणून भीती वाटते?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागले. "मला सांगायलाच हवं असं नाही," एवढं म्हणून त्या चिठ्ठी लिहायला लागल्या.

मी नाक धरायला लागले. भाकरी थापताना धरायची, एसटीची वाट बघताना, फळ्यावर लिहिता लिहिता धरायची. तिसरीच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, घाण वास येतोय का?" आठवड्याभरात सगळा वर्ग मला बघून नाकं धरायला लागला. गुरुजींनी मला सर्दीवर काढा सांगितला. मी प्रत्येक वेळी मनापासून विचारायची, मी जागी आहे का? श्वास अडायचा आणि बरं वाटायचं.

सोळाव्या दिवशी पहाटे पाणी आलं. तेच हिरवं पाणी, तीच साडी, तोच उजेडाचा तुकडा. आणि माझा हात आपला आपणच नाकाकडे गेला. मी चिमटी घट्ट केली, ओठ मिटले आणि छाती फुगवली. श्वास आत आला. गार, मोकळा, भरपूर. भर पाण्यात.

हे स्वप्न आहे! मला इतका आनंद झाला की मी ओरडणारच होते. तेवढ्यात घोटा धरला गेला.

हे स्वप्न आहे हे कळल्यानं हायसं वाटेल, अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही. उलट सगळं आणखी ठळक झालं. एकेक बोट वेगळं कळत होतं. करंगळी जरा सैल होती, अंगठा हाडावर रुतला होता. मी खाली बघितलं नाही. जागी हो, जागी हो, असं स्वतःला म्हणत राहिले.

आणि जागी झाले. खोलीत सकाळचा उजेड होता. हे शेजारी बसले होते. "झालं," ते म्हणाले, "सुटलीस." मी उठून बसले, पाय खाली सोडले. फरशी ओली लागली.

"नळ चालू राहिला का हो?"

ते टॉवेल घेऊन खाली बसले आणि माझे पाय पुसू लागले. डावा पुसला, उजवा पुसला. मग टॉवेल गळून पडला आणि त्यांचा हात माझ्या घोट्यावर तसाच राहिला.

"अहो, सोडा."

त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या मानेवरून पाणी ओघळत होतं. केसांतून नुसती धार लागली होती. करंगळी जरा सैल होती.

मी नाक धरलं. तोंड मिटलं. देवा, अडू दे, असं म्हणत श्वास घेतला.

श्वास आत आला.

मी लाथ घातली ती थेट ह्यांच्या पोटात बसली. खऱ्या पोटात. ते कण्हत पलंगावरून खाली पडले. मी नाक धरलं आणि श्वास अडला. तरी माझा विश्वास बसेना. पुन्हा धरलं, पुन्हा अडला. त्या दिवशी शाळेत मी शंभर वेळा तरी नाक धरलं असेल. फळा खरा आहे का, पोरं खरी आहेत का, डब्यातली पोळी खरी आहे का? संध्याकाळपर्यंत नाकाचा शेंडा लाल झाला होता. पाण्यातली भीती एकवेळ परवडली, पण आता मला माझ्याच घराची भीती वाटायला लागली. हे उठून जवळ आले की मी आधी त्यांच्या केसांकडे बघायची.

मी झोपणंच टाकलं. चार दिवस काढले. भिंतीला टेकून बसायची, डुलकी आली की चिमटा काढायची. चौथ्या दिवशी वर्गात उभ्याउभ्या खडू हातातून गळला आणि मी फळ्यावर कपाळ आपटून घेतलं.

त्या रविवारी काकू आल्या. पिशवीतून शेंगा काढल्या, पाणी प्यायल्या. पण नेहमीचा प्रश्न विचारण्याआधी माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुला झोप न्हाई वाटतं."

"नाही, काकू."

"मला बी न्हाई. आन लागली तरी उपेग न्हाई." त्या शेंगा उगाच सारख्या करत होत्या. "शेजारच्या आक्का म्हणत्यात, गेलेलं माणूस सपनात येतं. म्या रोज वाट बघती. एकदा बी न्हाई आली बघ. सा महिनं झालं. तुझ्या सपनात येती का गं?"

माझ्या तोंडातून "नाही" असं निघून गेलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मग कुणाच्याच येत न्हाई म्हणायची." आणि पुढचा प्रश्न न विचारताच त्या उठल्या आणि एसटीला निघाल्या.

मी दारात उभी राहून त्यांची पाठ बघत होते. ही बाई जिची रोज वाट बघत होती, ती आठवड्यातून चारदा माझ्याकडे येत होती, आणि मी तिच्याकडे मान खाली करूनसुद्धा बघत नव्हते.

सोमवारी पहाटे पाचला मी उठले. चूळ भरली, पायरीवर बसले, उजाडायला लागलं तशी आत आले. ह्यांना म्हटलं, "मला उठवायचं नाही. काहीही झालं तरी."

"आणि श्वास?"

"घेईन."

त्यांना ते पटलं नाही. पण ते खुर्ची ओढून पलंगापासून लांब बसले आणि मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं.

पाणी आलं. मी नाक धरलं. श्वास आला. मी वाट बघत राहिले. त्या स्वप्नात मी पहिल्यांदाच वर जायची धडपड केली नाही. नुसती तरंगत वाट बघत राहिले, आणि हे वाट बघणं सगळ्यांत वाईट होतं. मग घोट्यावर बोटं आली. माझा पाय आपोआप आखडला, लाथ मारायला. मी दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा दाबून धरला. तो माझ्या हातांत थरथरत होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. जीभ दातांखाली धरली आणि खाली बघितलं.

हेमलता होती. वेणी सुटली होती, मनगटावर घड्याळाचा काळा पट्टा होता. मला वाटलं होतं, तिच्या चेहऱ्यावर राग असेल. मी सहा महिने त्या रागाला भीत होते. राग नव्हता. तिचे डोळे फाटले होते. तिला माझ्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.

त्या दिवशी पाण्यात काय झालं होतं, ते आता सांगते. आमची ताटातूट झाली नव्हती. होडी उलटल्यावर हेमलता माझ्या शेजारीच वर आली होती. मी एका हातानं कॅन धरला होता. तिनं माझ्या कमरेला विळखा घातला आणि म्हणाली, "ताई, मला धरा." तिच्या वजनानं आम्ही दोघी खाली गेलो. कॅन सुटला. नाकातोंडात पाणी गेलं. तिची मिठी कमरेवरून घसरत घोट्यावर आली आणि मी लाथ मारली. पहिली हुकली. दुसरी बसली. बोटं सुटली. मी वर आले तेव्हा कॅन हाताच्या अंतरावर होता. हे मी विसरले नव्हते. एक दिवससुद्धा नाही.

स्वप्नात मी गुडघा सोडला, खाली वाकले आणि तिचं मनगट धरलं. तिचा पट्टा माझ्या तळव्याला टोचला. आम्ही दोघी सावकाश खाली जाऊ लागलो. अंधारत गेलं, कानांवर दाब आला. प्रत्येक क्षणाला वाटत होतं, आता मरणार. प्रत्येक क्षणी मी नाक धरून बघत होते, आणि श्वास येत होता. पायाला चिखल लागला.

"हेमा, मी लाथ मारली," मी म्हणाले. शब्द नीट उमटले.

तिनं माफ केलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिचे डोळे निवले. वर्गात पोरं लिहीत असताना ती खिडकीतून बाहेर बघायची, तसे ते दिसायला लागले. मी तिला धरून तिथंच उभी राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक. मग उजेड वाढत गेला आणि मला आपणहून जाग आली.

हे घड्याळ हातात धरून बसले होते. "चाळीस मिनिटं," ते म्हणाले. "एकदाही अडला नाही. रडत मात्र होतीस."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळ परत मनगटावर बांधलं.

"काकूंना सांगणार आहेस?"

"हो."

"नको, गिरिजा. त्या बाईचं काय भलं होणार आहे त्यानं?"

"काहीच होणार नाही कदाचित."

त्यानंतर पाणी दोनदा आलं. नाक धरलं, खाली बघितलं, तर खाली नुसतं पाणी. मी शांत झोपायला लागले. पण जागेपणी डोळ्यांपुढे काकूंचा उंबरा यायचा. बारा दिवस मी आज-उद्या करत काढले. तेराव्या दिवशी रविवार होता. एसटीतून उतरले आणि शेतांमधल्या पांदीनं चालत गेले. त्यांच्या अंगणाशी आले तेव्हा पाय पुढे पडेना. मी नाक धरलं. श्वास अडला. इथून जाग येऊन सुटका होणार नव्हती.

काकू ओसरीवर तूर पाखडत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "आगं बया, तू? आन तू कशापायी आलीस एवढ्या लांब?"

"काकू, मला सगळं आठवतं," मी उभ्याउभ्याच म्हणाले. थांबले असते तर परत फिरले असते. "पहिल्या दिवसापासून आठवतं."

सूप हातात तसंच राहिलं. "बोल," त्या म्हणाल्या.

मी बोलले. वारा, कॅन, मिठी. काही गाळलं नाही. "ती म्हणाली, 'ताई, मला धरा.' आणि मी लाथ मारली. दोनदा."

काकूंनी सूप खाली ठेवलं. कोंबड्या तुरीवर आल्या, त्यांना कुणी हाकललं नाही.

"कुठं लागली?"

मी माझ्या डाव्या खांद्याखाली हात ठेवला. त्यांनी आपला हात उचलला आणि स्वतःच्या अंगावर त्याच जागी ठेवला.

"डाग हुता तिथं," त्या म्हणाल्या. "आंगूळ घालताना म्या बगितला. म्हटलं, दगड लागला आसंल."

मी खाली बसले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"काय म्हणाली ती? परत सांग."

"ताई, मला धरा."

"ताई, मला धरा," काकू पुटपुटल्या. मग थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, हेमलताच्या सुरात, तिच्यासारखा शेवटचा शब्द लांबवून. सहा महिने त्या ज्यासाठी माझ्या दारात येत होत्या, ते त्यांना मिळालं होतं.

"जा आता," त्या म्हणाल्या. "आज तुझं तोंड बघवत न्हाई मला."

मी उठले. पांदीतून चालताना, एसटीत खिडकीशी बसल्यावर, घरी पोचेपर्यंत, मी त्यातला एकच शब्द धरून होते. त्या 'आज' म्हणाल्या होत्या.

त्या महिन्यात काकू आल्या नाहीत. एप्रिलमध्येही आल्या नाहीत. मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, एका रविवारी मीच गेले. दार उघडं होतं. काकूंनी मला अंगणात बघितलं आणि न बोलता आत गेल्या. मी उन्हात उभी राहिले. दार लागण्याचा आवाज येईल म्हणून कान टवकारून होते.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता.